फुगीर मापाचा देश

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू, मला तेच सोयीचं. विश्वास ठेवणारा माणूस मागाहून पुरावे मागायला येतो, न ठेवणारा निदान मुकाट्याने शेवटपर्यंत ऐकतो. तर ऐका. हा आपला एवढा मोठा देश, त्याची बंदरं, त्याचे रस्ते, त्याची सीमा, सगळं आमच्या घरातल्या एका पितळी मापाच्या पोटातून बाहेर पडलं. आणि त्याच देशाने एका मंगळवारी, दुपारी चारच्या ठोक्याला, ते माप चेपून टाकायचं ठरवलं होतं.

मी तांबट. म्हणजे होतो. आता हातोडी उचलली की हातोडीच मला उचलते. त्या दुपारी सूनबाईचा फोन आला. ती आमचं दुधाचं दुकान सांभाळते. रडत होती. "बाबा, वजनमाप कचेरीचा माणूस आला होता. आईंचं माप घेऊन गेला. म्हणाला, शिक्का नाही."

शिक्का नव्हताच. कधीच नव्हता. आमच्या हिची रीत अशी होती, की शिक्क्याचं चकचकीत स्टीलचं माप फळीवर दाखवायला, आणि हे पितळी ओतायला. चाळीस वर्षांत तपासनीस आले आणि गेले, स्टीलचं माप बघून चहा पिऊन गेले. सूनबाई सरळमार्गी. तिने दाखवायचं माप घासायला टाकलं आणि ओतायचं हातात धरून उभी राहिली.

चप्पल पायात अडकवली आणि कचेरी गाठली.

लांबट खोली, मधोमध पत्रा मढवलेलं टेबल. भिंतीवर आकड्यांना वजनं टांगलेली, लहानापासून मोठ्यापर्यंत, शाळेच्या रांगेसारखी. दुसऱ्या भिंतीवर देशाचा नकाशा. खिडकीतून मागचं अंगण दिसत होतं आणि अंगणात ते यंत्र, मोठ्या चाकाचं, जप्त केलेली मापं चेपायचं. त्याच्या पायाशी एक टोपली. टोपलीत वरच आमचं माप, गळ्यात चिठ्ठी बांधलेली.

जप्ती करणारा कारकून दारातच बसला होता. माणूस काटकुळा, आणि बोलला की टोचतो, म्हणून सगळे त्याला टाचणी म्हणत.

"बाबा, चार वाजता चेपणार. हवं तर तपासणी मागा. पास झालं तर शिक्का मारून परत, नापास झालं तर चेपायचं. दोनच रस्ते."

"तिसरा नाही का?"

"तिसरा घरचा. आलात त्याच दाराने."

मी बाकावर बसलो. बाकावर आणखी दोघं होती. एक तेलवाली, मांडीवर दोन डबे घेऊन, आणि एक कापडवाले शेठ, मीटरपट्टी तलवारीसारखी उभी धरून. टेबलामागे तपासनीस बाई. चाळिशीच्या, कपाळावर आठी, पण आठीखालचे डोळे शांत. पेन डाव्या हातात धरून लिहीत होत्या.

आधी तेलवालीचा नंबर लागला. तिचा एक डबा ठिगळं मारलेला, तोंड वाकडं. दुसरा नवा कोरा. बाईंनी काचेच्या खुणेच्या भांड्यातून पाणी ओतून दोन्ही तपासले. ठिगळाचा डबा पास झाला, शिक्का बसला. नवा नापास.

"अगं बाई, का?" तेलवाली म्हणाली. "तो तर उलट जास्त घेतो! मी गिऱ्हाइकाला जास्तच देते की!"

"जास्त भरलं तरी नापास," बाई म्हणाल्या. "मी रूप बघत नाही, दानत बघत नाही. माप बघते."

टाचणीने नवा डबा उचलला आणि अंगणात नेला. चाकाचा आवाज आला, मग पत्र्याचा. तेलवालीने पदर तोंडाला लावला. मी टोपलीवरची नजर काढून घेतली.

का ते तुम्हाला सांगतो. बाईंना नाही सांगितलं, तुम्हाला सांगतो.

ते माप मी केलं होतं. लिटरची नवी मापं देशात आली त्याच वर्षी आमचं लग्न झालं. हिला माहेरून दुधाचा धंदा आला होता आणि मला हातोडी. मी वाण्याच्या दुकानात लिटरचं नवं माप लांबून बघितलं, डोळ्यांनी मोजलं, आणि घरी येऊन पितळेचं ठोकून हिच्या हातात दिलं. मोठा ऐटीत दिलं. महिनाभराने ही म्हणाली, "तुमचं माप कंजूष आहे."

"माझ्या हातात माप आहे," मी म्हणालो. "आमच्या घराण्यात डोळा चुकत नाही."

"मग रोज दूध उरतं कसं? चाळीस लिटर आणते, चाळीस मापं घालते आणि तळाशी उरतं. गिऱ्हाइकांच्या तोंडाकडे बघवत नाही मला."

"फेस असेल."

"फेस तुमच्या तोंडाला आहे."

मला राग आला. माप ऐरणीच्या टोकावर चढवलं आणि आतून असा एक ठोका घातला, की त्याच्या पोटाला ही एवढी फुगी आली, मुठीएवढी. "घे," म्हणालो. "आता वाट साऱ्या देशाला फुकट." दुसऱ्या दिवशी दूध उरलं का पुरलं, मी विचारलं नाही. रागात होतो. हीही बोलली नाही. पण त्या दिवसापासून गिऱ्हाइकांना सांगायला लागली, "आमच्याकडे मूठभर जास्त मिळतं हो, आमच्या मालकांनी खास करून दिलंय." चाळीस वर्षं सांगितलं. गेल्या थंडीत ती गेली. तिच्या हाताने झिजलेली अशी ती एकच वस्तू घरात होती.

आता कळलं ना? माप मूठभर जास्त. तपासणी मागितली, की नापास. नापास, की चेपलं. आणि 'माझ्या बायकोचं आहे हो' असं चारचौघांत म्हणायला माझी जीभ वळेना. म्हटलं असतं तर मी तिथेच बसलो असतो रडत, आणि टाचणीने मला पाणी दिलं असतं. टाचणीच्या हातचं पाणी! त्यापेक्षा थाप बरी. थापेत माझा हात बसलेला आहे.

बाई म्हणाल्या, "आजोबा, तुमचं ते पितळी का? आणा ते. तपासून टाकू."

"तपासू नका!" मी म्हणालो. "ते तपासायचं माप नव्हे. ते आहे म्हणून तुम्ही आहात."

बाईंनी पेन खाली ठेवलं. टाचणीने टोपलीतलं माप आणून टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, पाणी आत्ताच नळाचं भरलंय. गार आहे. खोलीच्या उबेला यायला अर्धा तास लागेल."

मापाच्या कामात पाणी फार गार चालत नाही, फार ऊन चालत नाही. खोलीइतकंच लागतं. त्या गार पाण्याने माझी बाजू घेतली. अर्धा तास माझा होता.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "पाणी बसेपर्यंत बोला. ते आहे म्हणून मी आहे, म्हणजे काय?"

मी घसा साफ केला.

"बाई, दोनशे वर्षांपूर्वी इथे देश नव्हता. एक नदी होती आणि नदीकाठी एक बाजार. बाजाराला तीन मुलखांची माणसं यायची. डोंगरातले धान्य आणायचे, त्यांचं माप लाकडाचं. किनाऱ्यावरचे मीठ आणायचे, त्यांचं माप शिंपल्याचं. माळावरचे लोकर आणि तूप आणायचे, त्यांचं माप कातड्याचं, आणि ते घेताना ताणायचे, देताना सोडायचे. सकाळी सगळे जमायचे. दुपारपर्यंत कुणाचं माप खरं यावर वाद. दुपारपासून मारामारी. उजेड उरलाच तर व्यापार."

"आमच्या बाजारात अजून तसंच आहे," तेलवाली म्हणाली.

"शेवटी मीठ पाझरायला लागलं आणि धान्याला कोंब फुटले, तेव्हा तिन्ही मुलखांचे म्हातारे माझ्या खापरपणजोबांकडे आले. म्हणाले, एकच माप करा, पितळेचं. ताणता येणार नाही असं. आता तुम्हाला आमचं काम माहीत नाही. तांबट एकटा ठोकत नाही. तो ठोके घालतो, आणि समोर बसून त्याची बायको भांडं फिरवते. ती सातपर्यंत मोजते. सात झाले की भांडं एक बोट फिरवायचं. तांबट आकडे ऐकत नसतो, तिचा हात बघत असतो. भांडं गोल होतं ते तिच्या मोजण्याने."

हे खरं होतं. हे सांगताना माझ्या आवाजात खरेपणा आला, आणि बाई जरा पुढे झुकल्या. थापेत अधूनमधून असा एखादा खरा खिळा ठोकावा लागतो.

"त्या दिवशी खापरपणजी रुसलेली होती. कशावरून ते इतिहासाला माहीत नाही. ती सात म्हणाली आणि भांडं फिरवायची विसरली. पुन्हा एकपासून मोजायला लागली. एका जागी सातांच्या जागी चौदा ठोके बसले. मापाच्या पोटाला फुगी आली! ही बघा." मी मापावर बोट ठेवलं. "खापरपणजोबांनी डोकं धरलं. पण तोवर म्हातारे येऊन माप घेऊन गेले, आणि न बघताच साखळीने बाजाराच्या खांबाला बांधलंसुद्धा. तिघांची एकमेकांवर नजर होती, मापाकडे बघायला डोळा उरलाच नव्हता."

कापडवाले शेठ हसले. "मग? विकणारे बोंबलले असतील."

"बोंबलले! एका मीठवाल्याने तर माप चावून बघितलं. पण विकत घेणाऱ्यांत ही बातमी अशी पसरली, की नदीकाठच्या बाजारात मूठभर जास्त मिळतं! चार दिवसांच्या वाटेवरून माणसं आली. दुपारच्या आत सगळ्यांचा माल संपला. मीठवाला आयुष्यात पहिल्यांदा रिकामी गाढवं घेऊन घरी गेला. आता गाढवांची गंमत ऐका. त्यांना रिकामं घरी जायची इतकी सवय लागली, की ती उड्या मारत जायला लागली. मालक मागे पडायचे, गाढवं पुढे. मग मालकांनी युक्ती केली. गाढवांना जड करायला परतीचं सामान लादलं. डोंगरातलं धान्य किनाऱ्यावर गेलं, किनाऱ्याचं मीठ डोंगरात. दोन्हीकडचा व्यापार तिथून सुरू झाला. रस्तेसुद्धा कोणी आखले नाहीत. गाढवं जिथून गेली ते रस्ते."

"आमच्या गल्लीचा रस्ता बघून वाटलंच होतं," टाचणी म्हणाला. तो हसला तेव्हा पहिल्यांदा त्याचे दात दिसले.

"मग भाव करायला बोली एक लागली. आकडे डोंगरवाल्यांचे घेतले, कारण ते सावकाश बोलतात. शिव्या किनारवाल्यांच्या घेतल्या, कारण त्यांच्याइतक्या कोणाकडे नव्हत्या. मायेचे शब्द माळावरचे. झाली आपली भाषा! आणि सीमा? बाई, लोकांना वाटतं सीमा लढाईने ठरते. लढाई नंतर येते, आधी जिथे ठरलंय तिथे. फुगीच्या मापाने जिथवर लोक ओतायचे तिथवर आपलं, आणि पलीकडे सरळ पोटाचं माप आलं की परका मुलूख. पूर्वेकडे आमच्या खापरपणजीची एक बडबडी बहीण दिली होती. तिने तिकडे माप जरा जास्तच लांब पोहोचवलं. विश्वास नाही ना बसत? वळून नकाशा बघा."

सगळ्यांनी वळून बघितलं. आता आपला देश पूर्वेला थोडा फुगलेला आहे, हे तुम्हीही शाळेत बघितलं असेल. मी माप उचलून नकाशाशेजारी धरलं. फुगी फुगीला लागली.

"अय्या!" तेलवाली म्हणाली.

बाई हसू दाबत होत्या. मी घड्याळाकडे बघितलं. साडेतीन. पाण्यात टाचणीने उष्णतामापक टाकला होता. पारा चढत होता. मला वेग वाढवणं भाग होतं.

"मग जहाजं आली. दर्यापारचे व्यापारी. गोड माणसं, टोपी काढून बोलायची. त्यांना आपलं माप इतकं आवडलं, की म्हणाले, आम्ही याच मापाने विकत घेणार. आपण खूश! कौतुक कोणाला नको असतं? विकताना मात्र त्यांनी स्वतःचं माप काढलं. नाजूक, कंबर आवळलेलं. घेताना फुगीर, देताना बारीक. कायदेशीर सगळं, हो! कागदावर 'एक माप' एवढंच लिहिलेलं. दरवर्षी देश मूठमूठ बारीक व्हायला लागला. माणसांचे अंगरखे अंगात ढिले पडले. मग ते म्हणाले, धान्य कशाला पिकवता, रंगाचं पीक घ्या, आम्ही सगळं उचलतो. सगळा मुलूख निळा झाला. पोरं शिंकली की निळं शिंकायची. खायला मात्र निळं चालत नाही."

"आणि कापड त्यांच्या गिरणीचं," कापडवाले शेठ एकदम म्हणाले. त्यांनी मीटरपट्टी आडवी मांडीवर घेतली होती. "आमचे आजोबा विणकर होते. माग होता घरात. गिरणीचं कापड आलं तसा माग सरपणात गेला. आजोबा त्याच गिरणीचं कापड खांद्यावर टाकून दारोदार विकायला लागले. विकताना बोटांनी पोत बघायचे आणि गप्प व्हायचे. हे मी बघितलंय."

माझ्या थापेत हे बसत होतं आणि बसत नव्हतंही. मी म्हणालो, "शेठ, तुमचं खरं आहे. माझं त्यामानाने हलकं आहे."

"बोला हो," शेठ म्हणाले. "हलकंच बोला. मग ते गेले कसे?"

"गेले कसे! माझी पणजी. नवऱ्याला विचारून काही करणारी बाई नव्हती ती. तिने निरोप धाडला, बायकाबायकांत. एका ठरल्या सकाळी देशातल्या सगळ्या बायकांनी आपापली मापं उलटी टांगली. विकणं नाही, घेणं नाही. बंदरात जहाजं माल भरायला उभी. माल येईना. आता जहाजाचं असं असतं, पोटात वजन नसलं की ते पाण्यावर उभंच राहत नाही. एकेक जहाज डुलायला लागलं आणि दुपारपर्यंत बंदरभर जहाजं आडवी! म्हशी डुंबतात तशी. शेवटी त्यांनी आपल्या किनाऱ्यावरचे दगड भरले आणि त्या वजनावर घर गाठलं. त्यांच्या राजधानीचे रस्ते आजही आपल्या दगडांचे आहेत. त्यांचं कोणी ठेच लागून पडलं की समजावं, दगड आपला."

तेलवाली डबा विसरून हसत होती. टाचणी अंगणातल्या चाकाकडे पाठ करून उभा होता. माझं काम होत आलं होतं.

"मग आपलं राज्य आलं. आपल्या माणसांनी ठरवलं, सगळ्यांना सारखं. कोणाला मूठ जास्त नाही, कोणाला मूठ कमी नाही. विचार चांगला होता. पण सारखं वाटायचं म्हणजे आधी सगळ्यांनी एका जागी उभं राहायला हवं. रांगा लागल्या. रॉकेलची रांग, साखरेची रांग, रांगेत उभं राहायच्या परवान्याची रांग. माणसं सकाळी रांगेत शिरायची ती मिशा फुटल्यावर बाहेर यायची. लग्नं रांगेतच जुळायची. माझं..."

इथे मी थांबलो. थांबायचं नव्हतं, पण थांबलो.

"तुमचं काय, आजोबा?" बाईंनी विचारलं.

"माझं तसंच जुळलं," मी म्हणालो. "रॉकेलच्या रांगेत माझ्या उजव्या बाजूला उभी होती. डबा डाव्या हातात. दर पावलाला तो डबा माझ्या गुडघ्यावर. मी म्हणालो, बाई, डबा त्या हातात घ्या. ती म्हणाली, हा माझा कामाचा हात आहे, तुम्ही तुमचा गुडघा त्या पायाला लावा."

तेलवाली हसली, पण हळूच. मी घाईघाईने म्हणालो, "ते जाऊ दे. ते देशाच्या इतिहासात येत नाही. मुद्दा असा, की हे ते खांबाचं माप. दोनशे वर्षांचं. आमच्या घराण्यात बापाकडून लेकाकडे आलेलं. याला संग्रहालयात ठेवा नाहीतर मला परत द्या. पण तपासून नापास करणं म्हणजे बाई, आईचं वजन जास्त म्हणून तिला घराबाहेर काढणं."

माझं मलाच ते वाक्य आवडलं. बाई मापाकडे बघत होत्या. फुगीवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"खांबाला बांधलेलं होतं?"

"साखळीने."

"खापरपणजोबांनी केलेलं?"

"याच, म्हणजे त्यांच्या हातांनी."

"आणि मूठभर जास्त भरतं?"

"देश उगाच नाही झाला!"

"मग तर तपासायलाच हवं," बाई म्हणाल्या. "संग्रहालयाच्या चिठ्ठीवर आकडा लिहावा लागेल, किती जास्त ते."

बाकावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. स्वतःच्या थापेत माणूस कसा पाय अडकून पडतो, ते त्यांना समोर दिसत होतं. पाणी उबेला आलं होतं. चारला दहा कमी.

टाचणीने माप पाण्यात बुडवून काठोकाठ भरलं, वर काचेची चकती सरकवून बघितली आणि मग ते खुणेच्या भांड्यात ओतायला गेला. पाणी त्याच्या बाहीत. त्याने हात बदलून मनगट उलटं केलं, तर पाणी टेबलावर. "कसली चोच आहे ही!" तो करवादला. "भलत्याच अंगाला काढलीय."

"द्या इकडे," बाई म्हणाल्या.

त्यांनी माप डाव्या हातात घेतलं. पुन्हा भरलं. दांड्यावर बोटं बसली ती बसलीच, झिजलेल्या खाचांत. धार सरळ उतरली. एक थेंब इकडे नाही, एक थेंब तिकडे नाही. मी चाळीस वर्षं रोज सकाळी ती धार बघितली होती. मी खिडकीकडे तोंड केलं. अंगणात चाक उभं होतं.

बाईंनी भांड्यावरची खूण बघितली, मग पुन्हा बघितली.

त्यांनी भांडं रिकामं केलं, पुसलं, पुन्हा माप भरून ओतलं. वाकून डोळा खुणेच्या रेषेत आणला. टाचणीही वाकला. तिसऱ्यांदा ओतलं. मला राहवेना. मी उठून टेबलाशी गेलो. पाणी लिटरच्या रेषेला टेकलं होतं. वर नाही, खाली नाही. रेषेवर.

मूठभर जास्त नव्हतं. म्हणजे माझं पहिलं माप मूठभर कमी होतं. ही बरोबर बोलली होती. आणि दुसऱ्याच दिवशी तळाशी दूध उरलं नाही की कमी पडलं नाही, तेव्हा तिला कळलं असणार, की आता बरोबर झालं. चाळीस वर्षं तिला माहीत होतं. आणि चाळीस वर्षं ती गिऱ्हाइकांना सांगत होती, आमच्या मालकांनी मूठभर जास्त करून दिलंय.

मी टेबलाची कड धरली. टाचणीने पाण्याचा पेला पुढे केला. मी तो घेतलाही.

बाईंनी डाव्या हाताने शिक्का उचलला, मापाच्या बुडाशी टेकवला, आणि हातोडी घ्यायच्या आधी माझ्याकडे बघून सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"आजोबा, खोटं! साफ खोटं! हे बरोबर एक लिटर आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आमचा लिटर कुठून ठाऊक? हे माप तुम्ही केलंय, आणि त्या रॉकेलच्या रांगेतल्या डावखुऱ्या बाईंसाठी केलंय."